डाकार: जाणारे, राहणारे आणि वाटेवरचे



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला फोन केला. सर, पत्रकात छापताना काही चूक झालीय का? तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली, तो मोटारींच्या शर्यतीवर काय बोलणार? शंका रास्त आहे. वाहनांच्या बाबतीत आमची स्वतःची मजल लुनापर्यंत, आणि तीसुद्धा चढाला उतरून ढकलावी लागे. पण मागच्या हिवाळ्यात आमचा नातू मोबाईलवर काहीतरी अगदी तल्लीन होऊन बघत होता. वाळूची डोंगराएवढी टेकडी आणि तिच्यावरून घसरत येणारी मोटारसायकल. विचारलं, हे काय रे? म्हणाला, ‘डाकार, आजोबा.’ कुठे चाललंय हे? ‘सौदी अरेबियात.’ आणि डाकार कुठे आहे? त्यानं नकाशा उघडला. डाकार निघालं आफ्रिकेच्या पार पश्चिम टोकाला, सेनेगलची राजधानी. शर्यत चालली होती तिथून ते पाच हजार किलोमीटरहून लांब. हिंदीत डकार म्हणजे ढेकर, एवढंच तोवर आम्हाला ठाऊक होतं. पण ही गंमत डोक्यातून जाईना. शर्यत डाकारला जात नाही, डाकारहून निघत नाही, तरी तिचं नाव डाकार.

आपल्यातल्या जुन्या श्रोत्यांना ‘मिलिंदपञ्हा’तला रथ आठवत असेल. नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि मग रथ नावाची वस्तू शोधायची कुठे असा पेच पडतो. या शर्यतीचंही तसंच झालं आहे. १९९५ मध्ये सुरुवात पॅरिसहून न होता स्पेनमधल्या ग्रॅनडाहून झाली. १९९२ मध्ये शेवट डाकारला न होता दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला झाला होता. २००९ मध्ये आफ्रिकाच गेली, दक्षिण अमेरिका आली. २०२० मध्ये तीही गेली. एकेक भाग काढून घेतला तरी नाव शिल्लक. गंमत पुढेच आहे. २००९ पासून ‘आफ्रिका इको रेस’ नावाची दुसरी शर्यत जुन्या वाटेनं खरोखर डाकारला जाते. तिला मात्र डाकार म्हणता येत नाही, कारण ते नाव दुसऱ्या कंपनीच्या मालकीचं आहे.

नावाचा हा पेच वर्गात अर्धा तास रंगवता येईल. पण इतिहास वाचत गेलो तसं आम्हाला वाटू लागलं की खरा प्रश्न वेगळाच आहे. त्यासाठी सुरुवातीला जाऊ.

थिएरी साबीन हा फ्रेंच तरुण. १९७७ मध्ये तो आबिजान ते नीस या शर्यतीत मोटारसायकल घेऊन उतरला आणि सहाराच्या लिबियाकडच्या भागात वाट चुकला. दोन-तीन दिवस पाण्याशिवाय, उन्हात. अखेर विमानातून शोधणाऱ्यांना तो दिसला आणि वाचला. शहाणा माणूस घरी जाऊन पुन्हा वाळवंटाचं नाव घेणार नाही. साबीन परतला तो हे वाळवंट सगळ्यांना दाखवायचं असं ठरवून. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसमध्ये आयफेल मनोऱ्यासमोरच्या त्रोकादेरो चौकातून १८२ वाहनं निघाली. जायचं होतं सुमारे दहा हजार किलोमीटर: अल्जीरिया, नायजर, माली आणि शेवटी सेनेगल. मोटारसायकली, मोटारी, ट्रक, सगळ्यांची एकच यादी. पोचले फक्त ७४. पहिला आला सिरिल नव्हू नावाचा मुलगा, यामाहाच्या पाचशे सीसी मोटारसायकलवर. अगादेझजवळ एक तरुण मोटारसायकलस्वार पडून गेला. म्हणजे पहिल्या वर्षापासून विजेत्याच्या नावाशेजारी मृताचं नाव लिहावं लागलं.

साबीननं या शर्यतीला एक घोषवाक्य दिलं आणि ते जगभर गाजलं. त्याचा आशय असा: जे निघतात त्यांच्यासाठी आव्हान, जे मागे राहतात त्यांच्यासाठी स्वप्न. वाक्य झकास आहे. निघणारे म्हणजे स्पर्धक, मागे राहणारे म्हणजे पॅरिसमध्ये दूरचित्रवाणीसमोर बसलेले. पण आमच्यासारख्या माणसाला खोड असते, वर्गवारी पुरी झाली का ते तपासण्याची. निघणारा आला, राहणारा आला. ज्याच्या दारावरून ही वरात जाते तो कुठे बसतो? नायजरमधला मेंढपाळ निघालेलाही नाही आणि ‘मागे राहिलेला’ही नाही. तो आहे तिथेच आहे. व्याकरणात प्रथमपुरुष, द्वितीयपुरुष आणि तृतीयपुरुष असतात. या घोषवाक्यात तृतीयपुरुष नाही. आजचं सगळं बोलणं त्या गाळलेल्या माणसाबद्दल आहे.

तो का गाळला गेला याला थोडा इतिहास आहे. सेनेगल, माली, नायजर, मॉरिटानिया हे सगळे देश १९६० मध्ये फ्रान्सच्या ताब्यातून सुटले, अल्जीरिया रक्तबंबाळ लढा देऊन १९६२ मध्ये. शर्यत सुरू झाली तेव्हा या स्वातंत्र्याला जेमतेम अठरा वर्षं झाली होती. आणि फ्रेंच गाड्या या वाळूत काही पहिल्यांदा येत नव्हत्या. १९२४ मध्ये सित्रोएन कंपनीनं आठ गाड्या अल्जीरियातल्या कोलों-बेशारहून मादागास्करकडे पाठवल्या. पुढे चाकं आणि मागे रणगाड्यासारखे पट्टे, अशी वाहनं. मोहिमेला नाव दिलं ‘काळी सफर’. तिचा चित्रपट निघाला, प्रदर्शन भरलं. गाडीची जाहिरात आणि साम्राज्याची जाहिरात एकाच पोस्टरवर झाली. १९३१ मध्ये त्याच कंपनीची ‘पिवळी सफर’ निघाली, बैरुतहून पेकिंगकडे. ती आपल्या काश्मीरमधून गेली. श्रीनगरहून गिलगिटकडे जाताना दरडी कोसळल्या होत्या, तिथे गाड्या सुट्या करून हमालांच्या पाठीवरून न्याव्या लागल्या. (याच मोहिमेच्या चीनकडच्या तुकडीत तेयार द शार्दँ होते, जेझुइट पाद्री आणि तत्त्वचिंतक. भूवैज्ञानिक म्हणून गेले होते. तेव्हा आमच्या धंद्यातला माणूस गाडीत बसलेला तुम्हाला दाखवला, हे नोंदवून ठेवा.) मोहिमेच्या नेत्यांची नावं आज पुस्तकांत सापडतात. हमालांची संख्या तेवढी सापडते.

साबीनला साम्राज्यवादी म्हणणं अन्याय होईल. तो वाळवंटाच्या प्रेमात पडलेला माणूस होता, मनापासून. पण प्रेमात पडलेल्याला समोरचं कितपत दिसतं? त्याला सहारात रिकामेपण दिसलं. नायजरमधल्या तेनेरे भागाचंच बघा. तिथे एक झाड होतं, बाभळीच्या कुळातलं. आजूबाजूला शेकडो किलोमीटर दुसरं झाड नाही. त्याच्याजवळ विहीर खणली तेव्हा कळलं की मुळं तीस मीटरहून खोल पाण्यापर्यंत गेली आहेत. मिठाचे तांडे नेणारे तुआरेग उंटवाले त्या झाडाची फांदी तोडत नसत, जनावर बांधत नसत. दगडी मैलाऐवजी ते झाड होतं. १९७३ मध्ये एका ट्रकवाल्यानं ते धडक देऊन पाडलं. एवढ्या अफाट मोकळ्या जागेत उभं असलेलं एकच झाड, आणि ट्रक नेमका त्यावर! ऐकणारा हसतो. आम्हीही हसलो होतो. त्याचं वाळलेलं खोड आता निआमेच्या संग्रहालयात ठेवलं आहे. ही शर्यत सुरू होण्याआधीची गोष्ट आहे, तिच्यावर दोष नाही. पण जागा रिकामी आहे असं धरून चालणाऱ्याला तिथलं एकुलतं एक झाडसुद्धा दिसत नाही, हे आमच्या मनात राहिलं.

शर्यत चालते कशी ते थोडक्यात सांगतो, कारण काहींना वाटेल की गोल रस्त्यावर फेऱ्या मारायच्या. तसं नाही. दोन आठवडे, रोज नवा टप्पा. टप्प्याचा काही भाग नुसता जोडरस्ता, तिथे वेळ मोजत नाहीत. उरलेला ‘स्पेशल’, तिथे सेकंदाचा हिशेब. संध्याकाळी सगळे तळावर. तिथे जेवण, दुरुस्ती, मलमपट्टी आणि चार तास झोप. वाट दाखवायला पाटी नसते. ‘रोडबुक’ नावाची कागदाची गुंडाळी मिळायची, तिच्यावर किलोमीटर, दिशा आणि खुणा: इथे खड्डा, इथे कोरडी नदी, इथे सांगाडा झालेली जीप. मोटारीत शेजारी बसून वाचणारा असतो. मोटारसायकलवाल्यानं गाडीही हाकायची आणि गुंडाळीही वाचायची. आता ती गुंडाळी जाऊन पडदा आला आहे, पण तत्त्व तेच. नुसता वेग उपयोगाचा नाही. ताशी १४० नं चुकीच्या दिशेला जाणारा माणूस अधिक लवकर चुकतो. हे वाक्य आमच्या काही विद्यार्थ्यांच्या प्रबंधांनाही लागू पडलं असतं.

सुरुवातीच्या वर्षांत हौशी लोकांचा भरणा होता आणि त्यात खरी मजा होती. १९८० मध्ये कोणी व्हेस्पा स्कूटरी घेऊन आलं. होय, व्हेस्पा, जिच्या परवान्यावर आपल्या बजाजच्या स्कूटरी निघत. चारांपैकी दोन डाकारला पोचल्या. १९८१ मध्ये एकानं रोल्स-रॉइससारखी दिसणारी गाडी वाळूत घातली. आजही मोटारसायकलवाल्यांचा एक गट असतो, ज्यांना मेकॅनिक ठेवण्याची परवानगी नाही. एक पेटी, तिच्यात हत्यारं आणि सुटे भाग. दिवसभर चालवायचं आणि रात्री स्वतःच दुरुस्त करायचं. या गटाबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे.

पण लवकरच कारखाने आले. मर्सिडीज, पोर्शे, मित्सुबिशी, प्यूजो. पैसा आला, वेग आला. १९८२ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क दोन जोडीदारांसह वाट चुकला. सहा दिवस पत्ता नाही. आई चारचौघांत रडल्या, आणि ‘पोलादी बाई’ रडली म्हणून जगाच्या वृत्तपत्रांनी ते छापलं. अनेक देशांची विमानं निघाली. अखेर अल्जीरियाच्या सैनिकी विमानाला ती गाडी दिसली. तिघंही सुखरूप. आईच्या डोळ्यांतल्या पाण्याला आम्ही नावं ठेवणार नाही. हरवलेल्या पोराला शोधायला विमानं निघावीत, हे चांगलंच झालं. फक्त लक्षात ठेवा, त्याच पट्ट्यात, साहेल नावाच्या त्या सहाराच्या दक्षिण काठावर, १९६८ ते १९७३ मध्ये भयंकर दुष्काळ पडून गेला होता आणि १९८३-८४ मध्ये पुन्हा पडला. गुरं मेली, माणसं मेली, तुआरेग कुटुंबं तांडे सोडून शहरांच्या कडेला छावण्यांत आली. आणि दर जानेवारीला शर्यतीचा काफिला त्यांच्या विहिरींजवळून जात होता.

हे कुणाला दिसलंच नाही असं नाही. दानिएल बालाव्हान हा फ्रान्सचा लोकप्रिय गायक. आधी तो या शर्यतीत भाग घेऊन गेला होता. जे पाहिलं त्यानं तो अस्वस्थ झाला, आणि १९८६ मध्ये शर्यतीच्या सोबत पुन्हा आला तो खेड्यांना पाण्याचे पंप पोचवण्याच्या कामासाठी. १४ जानेवारीच्या संध्याकाळी मालीमध्ये साबीनचं हेलिकॉप्टर वादळात कोसळलं. त्यात साबीन होता, बालाव्हान होता, आणखी तिघं होते. पाचही गेले. साबीनच्या अस्थी त्याच्या आवडत्या वाळवंटात, नायजरमधल्या एका झाडाजवळ विखुरल्या. त्या झाडाला त्याचं नाव दिलं. एकाच हेलिकॉप्टरमध्ये वाळवंटाकडे स्वप्न म्हणून पाहणारा आणि तहान म्हणून पाहणारा शेजारी बसले होते. दोघांचं त्या प्रवासात काय बोलणं झालं असेल, असं वाटत राहतं.

पुढच्या वर्षीची गोष्ट मुद्दाम सांगतो. १९८७, उबेर ओरिओल, मोटारसायकल. शेवट एक दिवसावर आला होता, हा सगळ्यात पुढे. झाडाच्या बुंध्यावर आदळला आणि दोन्ही पायांचे घोटे मोडले. मोडलेल्या घोट्यांनी त्यानं उरलेला टप्पा पुरा केला, शेवटच्या रेषेवर पोचला आणि ढसाढसा रडला. शर्यत त्याच्या हातून गेली, नव्हू जिंकला. त्याची चित्रफीत पाहताना आमच्या घशात आवंढा आला. माणूस स्वतःच्या देहाला किती ताणू शकतो! इथे आम्ही मिल या इंग्रज विचारवंताच्या बाजूचे आहोत. स्वतःच्या जिवाचं काय करायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. ओरिओलला कोणी बळजबरीनं पाठवलं नव्हतं. त्यानं कागदावर सही केली होती. त्याच्या वेदनेला त्याची संमती होती.

आता १९८८ पाहा. या वर्षी सहाशेच्या वर वाहनं होती, तोवरची सर्वांत मोठी शर्यत. एका डच कंपनीनं दोन इंजिनांचा दहा टनी ट्रक आणला होता. तो ताशी दोनशेच्या वर वेगानं पुढच्या मोटारीला मागे टाकून जातो, ती चित्रफीत आजही लोक कौतुकानं बघतात. त्याच कंपनीचा दुसरा ट्रक उलटला आणि त्यातला वाट वाचणारा माणूस ठार झाला. आणखी दोन स्पर्धक गेले. आणि मालीमध्ये रस्ता ओलांडणारी दहा वर्षांची मुलगी गाडीखाली आली. मॉरिटानियात एक आई आणि तिची मुलगी गेल्या. त्यांना धडकलेली गाडी स्पर्धकाचीसुद्धा नव्हती, चित्रीकरण करणाऱ्यांची होती. तीन आणि तीन, सहा.

या सहांना एका यादीत घालता येईल का? स्पर्धकांच्या मृत्यूचं दुःख कमी आहे असं आम्ही म्हणत नाही. पण पहिल्या तिघांनी सही केली होती. त्या मुलीनं कशावर सही केली होती? तिला आव्हानही नको होतं आणि तिला ते स्वप्नही पडलं नव्हतं. ती रस्ता ओलांडत होती. व्हॅटिकनच्या वृत्तपत्रानं त्या वर्षी फार कडक लिहिलं: जिथे माणसं भुकेनं आणि तहानेनं मरतात तिथे सत्तेचं आणि संपत्तीचं हे प्रदर्शन. १९९१ मध्ये रनो या फ्रेंच गायकानं तर या स्पर्धकांवर अख्खं गाणं केलं. शीर्षकातला शब्द या सभागृहात उच्चारण्याजोगा नाही, जिज्ञासूंनी घरी शोधावा.

इथे आम्हाला आमचं स्वतःचं काही सांगायचं आहे. १९६८ साली लंडन ते सिडनी अशी मोटारींची मोठी शर्यत झाली होती. ९८ गाड्या लंडनहून निघाल्या आणि तुर्कस्तान, इराण, काबूल, दिल्ली असं करत मुंबईला आल्या. तिथून पुढे त्यांना बोटीनं ऑस्ट्रेलियाला नेलं. दिल्ली ते मुंबई म्हणजे आपला आग्रा रोड. तेव्हा आम्ही धुळ्याला कॉलेजात होतो. डिसेंबरची सुरुवात, थंडी. बातमी पसरली आणि निम्मं गाव रस्त्याकडेला. आम्ही सोबत नऊ वर्षांच्या आत्येभावाला नेलं होतं. तासन्‌तास काही नाही. शेंगा खाल्ल्या, उसाची कांडकी चघळली. मग लांबून दिवे दिसले. गर्दी पुढे सरकली, कारण गाडी जवळून बघायची होती, जमलं तर हात लावायचा होता. मागून लोट आला आणि आत्येभाऊ आमच्या हातातून सुटून डांबरावर गेला. शेंगा विकणाऱ्या माणसानं त्याला सदऱ्याच्या कॉलरला धरून मागे ओढलं. गाडी गेली. अंगावर आलेला वारा अजून आठवतो. रंग आठवत नाही. शेंगावाल्यानं आम्हाला एक शिवी हासडली, ती अगदी योग्य होती.

त्या रात्री आम्ही कोण होतो? निघालेले नव्हतो, मागे राहिलेले नव्हतो. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आम्हाला कोणी फसवून तिथे नेलं नव्हतं, आम्ही खुशीनं गेलो होतो, पोरालाही हौसेनं नेलं होतं. हीच या प्रश्नातली अडचण आहे. आफ्रिकेतल्या खेड्यांतली माणसंही बघायला येत, पोरं हात हलवत. डाकारजवळच्या गुलाबी तळ्याच्या काठी शेवटचा टप्पा संपे, तिथे जत्रा भरे. लोकांना पैसे मिळत, तळ्यातून मीठ काढणाऱ्यांच्या गावाचं नाव जगाला कळलं. शर्यत निघून गेली तेव्हा तिथल्या धंदेवाल्यांना चुटपुट लागली. तेव्हा ‘त्यांना ती नकोच होती’ असं आपण इथे बसून ठरवणं, हाही तृतीयपुरुषाच्या तोंडी शब्द घालण्याचा प्रकार झाला. पण बघायला येणं म्हणजे धोक्याला संमती देणं नाही. संमती द्यायची तर धोका किती आहे ते माहीत हवं, आणि नाही म्हणण्याची सोय हवी. ज्याच्या गावातून रस्ता जातो, त्याला नाही म्हणण्याची सोय कुठली?

संयोजक डोळे मिटून बसले होते असंही नाही. पुढे गावांतून जाताना वेगमर्यादा आली. यंत्रावर वेगाची नोंद होऊ लागली, मर्यादा ओलांडली की दंड. मोटारसायकलींचा कमाल वेग बांधला. तरी २००६ मध्ये गिनीत दहा वर्षांचा मुलगा गेला आणि दुसऱ्याच दिवशी सेनेगलमध्ये बारा वर्षांचा. आजवर या शर्यतीत सत्तरच्या वर माणसं गेली आहेत, त्यांत स्पर्धक निम्म्याहून कमी. हा आकडा आम्ही दोनदा तपासला, कारण आमचा समज उलटा होता.

मग नाही म्हणणारे आले, आणि ज्या रीतीनं आले ती रीत कोणालाच नको होती. २००० मध्ये नायजरमध्ये हल्ल्याच्या धमकीमुळे अख्खी शर्यत, गाड्या, ट्रक, माणसं, प्रचंड मालवाहू विमानांत घालून निआमेहून लिबियात सब्हाला उतरवली. ज्या वाळवंटाच्या ओढीनं हे सगळं सुरू झालं, ते वाळवंट त्यांनी आकाशातून ओलांडलं. २४ डिसेंबर २००७ रोजी मॉरिटानियात चार फ्रेंच पर्यटक मारले गेले, थोड्याच दिवसांत काही सैनिकही. ५ जानेवारी २००८ ला लिस्बनहून सुरुवात होती. पाचशेहून अधिक पथकं तिथे गोळा झाली होती. ४ तारखेला जाहीर झालं, शर्यत रद्द. इतिहासात पहिल्यांदा. काहींनी घर गहाण ठेवून पैसे जमवलेले असतात, दोन-दोन वर्षं तयारी केलेली असते. अशी माणसं मैदानात उभी राहून रडली. मॉरिटानियातल्या सामान्य माणसाला मात्र ना बोलावताना कोणी विचारलं होतं, ना जाताना. फ्रेंच कंपनी आणि बंदूकवाले यांच्यात निकाल लागला.

दक्षिण अमेरिकेची अकरा वर्षं लवकर आटोपतो. अर्जेंटिना आणि चिलीत गर्दी आफ्रिकेपेक्षा कितीतरी मोठी. २०१० मध्ये पहिल्याच टप्प्यात एक तरुण प्रेक्षक बाई गेली. अताकामाच्या वाळवंटात प्राचीन अवशेषांवरून चाकं गेल्याच्या तक्रारी झाल्या आणि चिलीच्या स्मारक मंडळानं नुकसान नोंदवलं. जागा रिकामी वाटणं हे फक्त माणसांपुरतं नसतं, काळापुरतंही असतं. एकेक देश गळत गेला, पैशाचं गणित जमेना, आणि २०१९ ची शर्यत एकट्या पेरूत झाली.

२०२० पासून सौदी अरेबिया. २००१ मध्ये युटा क्लाइनश्मिट या जर्मन बाईनं मोटारींच्या गटात ही शर्यत जिंकली होती. भौतिकशास्त्र शिकलेली, मोटारसायकलवरून सुरुवात केलेली. असं करणारी ती पहिली बाई. सौदीत बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली जून २०१८ मध्ये. आणि त्याच हक्कासाठी लढलेल्या लुजैन अल-हथलूल जानेवारी २०२० मध्ये तुरुंगात होत्या. परदेशी बायका त्या देशाच्या वाळूत गाड्या हाकत होत्या, आणि जिनं त्यासाठी आवाज उठवला ती कोठडीत. इथे तृतीयपुरुष वाटेवर उभाही नव्हता.

आणि आता आपण. त्या यादीत आपलीही नावं आली आहेत. बंगळूरचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये ही शर्यत पुरी करणारा पहिला भारतीय ठरला. केरळच्या हरित नोआनं २०२४ मध्ये आपल्या उपगटात पहिला क्रमांक मिळवला, एकूण अकरावा आला. आपल्या गल्लीत दूध आणायला जाते त्या स्प्लेंडरची कंपनी, हीरो, तिचं पथक तिथे उतरतं. १२ जानेवारी २०२० रोजी त्या पथकाचा पोर्तुगीज स्वार पाउलो गोन्साल्विस टप्प्यात पडला आणि गेला. चाळीस वर्षांचा होता. मागून येणारा प्रतिस्पर्धी टोबी प्राइस थांबला, त्यानं मदत बोलावली, शर्यत सोडून त्याच्याजवळ बसला. गोन्साल्विसचा मेहुणा त्याच पथकात होता. दोन वर्षांनी त्यानं एक टप्पा जिंकला. भारतीय कंपनीच्या गाडीनं टप्पा जिंकण्याची ती पहिली वेळ. आपल्याकडच्या वृत्तपत्रांत ते अभिमानानं छापून आलं. आम्हालाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोला? पण त्याबरोबर एक गोष्ट आपल्याकडे आली आहे. इतके दिवस आपण बघणारे होतो. आता गाडीवर आपलं नाव आहे. धुळ्याच्या रस्त्यावरचं ते पोर आता कुठल्या बाजूला आहे, हे आम्हाला स्वतःलाच विचारावं लागतं.

शेवटचं सांगून थांबतो. २०२४ मध्ये संयोजकांनी अठ्ठेचाळीस तासांचा एक टप्पा ठेवला. संध्याकाळी चार वाजले की जवळच्या तळावर थांबायचं. फोन नाही, पथक नाही, छोटा तंबू आणि थोडं खाणं. साबीनला जे भेटलं होतं ते पुन्हा भेटवण्याचा प्रयत्न. जागा निवडली सौदी अरेबियाच्या आग्नेयेचा प्रचंड वाळूसागर, रब अल-खाली. अरबीत अर्थ होतो, रिकामा चतकोर. नकाशावर तेच नाव आहे आणि जाहिरातीतही तेच. उंट घेऊन त्या वाळूत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे बदू मात्र तिला रिकामी म्हणत नाहीत. ते तिला म्हणतात अर-रिमाल, वाळू.

वेळ झाली. प्रश्न असतील तर आता घेऊ.